फळीला चिकटवलेली दुसरी बाजू

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे, पण वाजणे मला कधीचेच ठाऊक राहिलेले नाही. सोळा वर्षे मी एका दिवाणखान्याच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत बसून आहे. आल्यागेल्याची नजर माझ्यावर पडते, मग त्याला माझी एक गोष्ट ऐकवली जाते. ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात. ती गोष्ट खोटी आहे. खरी काय ते मी पाहिले आहे, म्हणून आज तुमच्यापाशी बोलते.

तुमच्यापैकी पुष्कळांनी तबकडी कधी हातात धरली नसेल. जेवणाच्या ताटाएवढी असते ती, काळीभोर, मधोमध एक भोक. दोन्ही बाजूंना केसाहून बारीक खाच असते. ती कडेपासून गोल गोल फिरत मध्याकडे येते. रेकॉर्ड प्लेअरवर मला फिरत ठेवायचे, खाचेत अलगद सुई टेकवायची, की आत साठवलेले सूर बाहेर पडतात. माझा जन्म कारखान्यातला. तापलेल्या काळ्या प्लॅस्टिकचा एक गोळा दोन साच्यांच्या मध्ये ठेवला, वरून दाब दिला आणि मी चपटी होऊन बाहेर पडले. तपासणाऱ्या बाईंनी मला कडेने धरून दिव्याखाली तिरके केले, मान हलवली आणि पिशवीत घातले.

माझ्यात सहा वादक आहेत. गाणारा एकही नाही. इलेक्ट्रिक पियानो, बास गिटार, ड्रम, ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि हाताने वाजवायचे दोन उंच ढोल. अशा संगीताला जाझ-फंक म्हणतात. त्यातल्या जाझचा स्वभाव भटक्या. वादक सूर घेऊन कुठल्या कुठे निघून जातो. फंक मात्र पायाला धरून असतो. त्यात पहिला ठोका असा जड पडतो, की ऐकणाऱ्याची टाच आपोआप जमिनीवर आपटते. या सहा जणांनी उभ्या आयुष्यात ही एकच तबकडी काढली. कव्हरवर ते एका विटांच्या भिंतीला टेकून उभे आहेत. उन्हाने सगळ्यांचे डोळे बारीक झाले आहेत.

मला विकत घेणारा माणूस बसचा ड्रायव्हर होता. पुढे घरात सगळे त्याला बाबा म्हणू लागले, म्हणून मीही बाबाच म्हणते. त्याच्या बसच्या शेवटच्या थांब्यासमोर तबकड्यांचे दुकान होते. बस तिथे बारा मिनिटे थांबायची. दुकानवाल्या बाई सकाळी दुकान उघडले की मलाच लावायच्या, आणि बाबा खाकी शर्टाच्या बाह्या सारून दाराच्या चौकटीला टेकून ऐकायचा. बारा मिनिटांत माझ्यातला संगीताचा पहिला तुकडा पुरा व्हायचा, दुसरा रंगात यायचा आणि बस सुटायची वेळ व्हायची.

"ड्रायव्हरसाहेब, आत या की," बाई म्हणाल्या. "दारात उभे राहून कान लांब व्हायचे तुमचे."

"नको बाई, गाडी काढायचीय. फक्त एवढंच सांगा, ते दुसरं वाजतं ना, ते संपतं कसं?"

"ते मी कसं सांगू? माझ्या घशात काय ट्रंपेट बसवलाय?"

महिनाभर असे चालले. शेवट ऐकायला मिळेना, तेव्हा तो मला घरीच घेऊन आला. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. बायकोने पहिली बाजू शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "ह्यात गाणारा कुठाय?"

"गाणारा नाही ह्यात."

"म्हणजे तुम्हाला अर्धीच दिली त्यांनी!"

मित्रांनो, त्या घरात माझे दिवस फार सुखात गेले. दर रविवारी सकाळी बाबा हात धुऊन, कोरडे करून मला बाहेर काढायचा. मऊ फडक्याने खाचेच्या दिशेने पुसायचा. दोन मुले झाली. थोरला मुलगा दादा, आणि त्याच्यानंतर सात वर्षांनी झालेली मुलगी. तिला सगळे धाकटी म्हणत. दादा बोलका, हसरा, चारचौघांत उठून दिसणारा. पण मी वाजू लागले की तो चपला घालून बाहेर पडायचा. "बाबांचे भोंगे सुरू झाले," म्हणायचा. धाकटी मात्र स्पीकरच्या जाळीला पाठ लावून बसायची. सूर पाठीतून ऐकू येतात, असे तिचे म्हणणे.

बाबाने तिला ठोका ओळखायला शिकवले. "पहिला ऐक. एक! बाकीचे कुठेही भटकू देत, एकला सगळे एकत्र येतात. कळलं?"

"आणि नाही आले तर?"

"तर ते आपल्या तबकडीत नसते."

धाकटी अठरा वर्षांची झाली. तिला परगावी इमारतींचे नकाशे काढण्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. ट्रंक भरून झाली होती. पट्टी, कोनमापक, पेन्सिलींचा डबा, सगळे कपड्यांच्या घड्यांमध्ये नीट बसवले होते. निघायच्या चार दिवस आधी, सकाळी डेपोत बस सुरू करताना बाबाच्या हातातून किल्ली गळून पडली. ती उचलायला तो वाकला आणि वाकलेलाच राहिला. अर्धांगवायूचा झटका होता. उजवी बाजू गेली.

दादा तेव्हा लांबच्या शहरात नव्याने नोकरीला लागला होता. तो आला, बाबाच्या उशाशी चार दिवस बसला, रडला आणि परत गेला. "दर रविवारी फोन करीन," म्हणाला. तो शब्द त्याने पाळला, हे मी कबूल करते. आई औषधाच्या गोळ्या पाकिटात भरण्याच्या कारखान्यात दिवसपाळीला जायची. तिचे काम सुटून चालणार नव्हते. धाकटीने कोणाशी चर्चा केली नाही. एका दुपारी तिने ट्रंक उघडली आणि कपडे परत कपाटात लावले.

इस्पितळातून आठवड्यातून दोनदा व्यायाम घेणाऱ्या बाई यायच्या. टाळ्या वाजवून मोजायच्या, "एक, दोन, तीन, चार! पाय उचला!" बाबाचा पाय उचलला जायचा नाही. पण पारा मात्र चढायचा.

"मी काय शाळेत घातलेलं पोर आहे?" तो वाकड्या झालेल्या तोंडाने ओरडायचा. एकदा तर त्याने काठी भिरकावली. बाई गेल्यावर धाकटीने ती पलंगाखालून काढली, पुसली आणि जागेवर ठेवली.

त्यानंतर एका सकाळी ती केर काढत होती. घर फार गप्प वाटले म्हणून की काय, तिने मला लावले. चुकून दुसरी बाजू लागली. दुसऱ्या बाजूचा पहिला तुकडा संथ आहे, चालत्या माणसाच्या गतीचा. बास गिटार एकेक पाऊल टाकल्यासारखी येते. बाबा पलंगाच्या कडेला पाय सोडून, भिंतीकडे बघत बसला होता. केरसुणी त्याच्या पायापाशी आली आणि थांबली.

"बाबा, अंगठा हलला!"

"कुणाचा?"

"तुमचा! उजवा! थांबा, बघा आता... एकला! हा बघा, परत!"

बाबाने खाली पाहिले. आठ आठवडे दगडासारखा पडून असलेला पाय, पण जड ठोका आला की त्याचा अंगठा किंचित वर उचलला जात होता. बाबाचा त्यावर विश्वास बसेना. त्याने अंगठ्याकडे असे पाहिले, जसे कोणी अनोळखी माणूस आपल्या घरात बसलेला पाहावे.

मित्रांनो, त्या दिवसापासून चौदा महिने मी रोज फिरले. पलंगापासून पुढच्या दारापर्यंत अकरा फरश्या होत्या. धाकटीने प्रत्येक फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. उजवा पाय जड ठोक्याला टाकायचा, बाकीचे तीन ठोके श्वास घ्यायला, असा हिशोब तिनेच बसवला. ती जमिनीवर उकिडवी बसायची, एक हात बाबाच्या घोट्यापाशी, आणि मोजायची, "ए...क. आता थांबा. घाई नाही. परत येईल तो. ए...क." तुकडा संपला की ती उठायची, सुई उचलायची आणि पुन्हा पहिल्या खाचेवर अलगद ठेवायची. दिवसाला वीस वेळा, पंचवीस वेळा. तिचा हात इतका बसला की सुई टेकल्याचा आवाजसुद्धा यायचा नाही.

सातव्या महिन्यात बाबा पडला. पाचव्या फरशीवर त्याचा गुडघा दुमडला. धाकटी तेव्हा माझ्यापाशी उभी होती. त्याला धरायला ती वळली, तिच्या कोपराचा धक्का लागला आणि सुई माझ्या अंगावरून आडवी सरकत गेली. ओरखडा पडला. तेव्हापासून त्या तुकड्यात दर फेरीला एक बारीक 'टक' येऊ लागली. दोघे जमिनीवर पडले होते. बाबाने ती टक ऐकली.

"ऐक," तो म्हणाला, "आता सातवा वादक आला."

ती हसली, हसता हसता रडली, आणि मग दोघांनी मिळून उठायला चांगला अर्धा तास घेतला.

रविवारी दादाचा फोन यायचा. फोन माझ्या शेजारच्या तिवईवरच होता. धाकटी त्याला सगळे सांगायची. अंगठा कसा हलला, चिकटपट्टी कशी लावली, ओरखडा कसा पडला, बाबा काय म्हणाला. तो मन लावून ऐकायचा, मध्येच "मग?" म्हणायचा. आपल्या माणसाला सांगावे तसे ती सांगत होती. ती त्याला काय देऊन बसते आहे हे तिला कळले नाही, आणि मलाही नाही.

चौदाव्या महिन्यात बाबा अकराव्या फरशीवर पोचला, दार उघडून बाहेर गेला आणि जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. शेजारणीने टाळ्या वाजवल्या. पुढे तो डेपोत परत कामाला लागला. बस चालवता आली नाही, पण गाड्यांच्या वेळा नोंदवायच्या खिडकीवर त्याला बसवले. धाकटीची परगावची जागा केव्हाच दुसऱ्या कोणाला गेली होती. तिने गावातच संध्याकाळच्या वर्गाला नाव घातले आणि रडतखडत का होईना, नकाशे काढायला शिकली.

दहा वर्षांनी बाबा निवृत्त झाला. डेपोच्या जेवणाच्या खोलीत टेबले बाजूला सारून खुर्च्या मांडल्या. दादा खास त्यासाठी बायकोला घेऊन आला होता. तेव्हा तो मोठ्या कचेरीत साहेब झाला होता. निघताना तो धाकटीला म्हणाला, "बाबांची ती तबकडी घेऊ का बरोबर? लोकांना दाखवू." तिला आनंदच झाला. बाबाला चालवणाऱ्या तबकडीचा असा मान होणार, याचा मलाही आनंद झाला होता.

डेपोच्या व्यवस्थापकांनी विचारले, "घरच्यांपैकी कोणी दोन शब्द बोलणार का?" दादा उठला. त्याने माइक हातात घेतला, दुसऱ्या हाताने मला वर धरले.

"ही तबकडी बघा," तो म्हणाला. "बाबांना झटका आला तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते. मी मात्र ठरवलं, माझा बाप चालणार. रोज सकाळी मी ही लावायचो. जमिनीवर बसायचो, त्यांचा घोटा धरायचो आणि मोजायचो. ए...क. घाई नाही. परत येईल तो. ए...क."

तिचेच शब्द होते. एकही इकडचा तिकडे नव्हता.

"अकरा फरश्या होत्या आमच्याकडे. प्रत्येकीवर मी चिकटपट्टी लावली होती. एकदा बाबा पडले. मी त्यांना धरायला धावलो, कोपर लागलं आणि हा इथे ओरखडा पडला." त्याने माझ्यावर कुठेतरी बोट फिरवले. "तर बाबा म्हणतात कसे, आता सातवा वादक आला!"

लोक हसले. मग डोळे पुसू लागले. मित्रांनो, त्याने ओरखडासुद्धा घेतला.

मी त्याच्या हातात होते, म्हणून मला समोरचे सगळे दिसत होते. धाकटी तिसऱ्या रांगेत होती. बाबाचा कोट तिच्या मांडीवर होता. आधी ती ओठांवर अर्धवट हसू घेऊन दादाकडे पाहत होती. गंमत करतो आहे, आता 'ही सगळी माझ्या बहिणीची करणी' म्हणेल, असे तिला वाटत असावे. तो तसे म्हणाला नाही. ती अर्धवट उठली. शेजारी बसलेल्या आईने तिच्याकडे पाहून बारीकशी मान हलवली. आत्ता नको, अशी. ती बसली.

व्यवस्थापक गहिवरले होते. बाबाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नशीबवान आहात. असा मुलगा कुणाला मिळतो? खरं ना?"

बाबाने तिसऱ्या रांगेकडे पाहिले. एक क्षण, दोन क्षण. मग त्याने नजर खाली वळवली.

"गुणाचा आहे माझा मुलगा," तो म्हणाला.

टाळ्या वाजल्या. मी दादाच्या बोटांत घट्ट दाबली गेले होते. त्याच्या घामेजल्या हाताचे ठसे माझ्या खाचांवर उमटले.

घरी आल्यावर धाकटीने दादालाच आधी विचारले. "दादा, तू असं का सांगितलंस?"

"अगं, माइक हातात आला की सुचत जातं." तो टाय सोडत होता. "आणि परक्याचं थोडंच सांगितलं? घरातलंच ना? तू केलंस काय, मी केलं काय, एकच."

"एकच नाही, दादा."

"बरं बाई, चुकलं. आता काय डेपोत जाऊन दवंडी पिटू?"

दुसऱ्या दिवशी दादा निघाला. बाबाने स्वतः मला आणून त्याच्या सामानापाशी ठेवले. "ही घेऊन जा," तो म्हणाला. "तुझ्या घरात शोभेल." दादाने "अहो, कशाला," म्हणत मला उचलले. मला कागदात गुंडाळायचे काम धाकटीकडे आले. ती गुंडाळत होती तेव्हा बाबा शेजारच्या खुर्चीवर बसून होता.

"बाबा," ती मान वर न करता म्हणाली, "चौदा महिने मी मोजलं."

"मला माहितीय ना."

"मग काल सांगितलं का नाहीत?"

बाबाने काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. "तो लांब असतो, पोरी. वर्षातनं एकदा येतो. त्याला असं धरून ठेवावं लागतं. तू तर आपली आहेसच. तुला काय सांगायचं?"

तिने दोरीची गाठ मारली, ती सैल झाली म्हणून सोडली आणि पुन्हा मारली. मित्रांनो, ओरखडा पडला तेव्हा मला इतके दुखले नव्हते. दादाचे मी समजू शकत होते; तो माझ्यापाशी कधी बसलाच नव्हता. पण बाबाने आपले सगळे वजन आम्हा दोघींवर टाकून पाऊल उचलले होते. आणि आम्हा दोघींनाही त्याने दोनच दिवसांत दुसऱ्याच्या नावावर करून टाकले.

त्या वर्षाअखेर धाकटीने परगावी नोकरी धरली. माझी रवानगी चौकटवाल्याकडे झाली. तो भला कारागीर होता. हातात घेतल्यावर त्याने आधी विचारले, "वाजवता का कधी?"

"छे हो, शोभेला आहे," दादा म्हणाला.

"मग फळीला चिकटवू? हलणार नाही. कोणती बाजू वर ठेवू?"

"कोणतीही. दोन्ही सारख्याच."

त्याने दुसऱ्या बाजूला सरस फासला आणि मला लाकडी फळीवर दाबून बसवले. ज्या तुकड्यावर बाबा चालायला शिकला, ज्यात तो ओरखडा आहे, ती बाजू कायमची फळीत गेली. कोणी मला आता सोडवायला गेले, तर खाचा उपटून निघतील. पाहुणे विचारतात, "तो ओरखडा कुठाय हो?" दादा काचेवरच्या एखाद्या चकाकीकडे बोट दाखवतो. "तो काय. उन्हात बरोबर दिसतो." पाहुण्यांना दिसतोही.

गोष्ट वर्षागणिक फुगत गेली. चौदा महिन्यांची दोन वर्षे झाली, मग तीन. अकरा फरश्यांच्या एकवीस झाल्या. पुढे त्याने बाबांसाठी नोकरीवर पाणी सोडले होते, असेही मी ऐकले. खचलेल्या माणसांना धीर कसा द्यावा, यावर बोलायला त्याला ठिकठिकाणी बोलावू लागले. तो बोलतो फार सुंदर.

आई गेली. गेल्या वर्षी बाबाला दुसरा झटका आला. उजवी बाजू पुन्हा गेली, आणि या वेळी वाचाही गेली. इस्पितळात डॉक्टर दादाला म्हणाले, "तुमच्याकडेच न्या. तुम्हाला तर अनुभव आहे." यावर दादा काय बोलणार? बाबाचा पलंग दिवाणखान्यात माझ्यासमोरच्या भिंतीला लावला. इतक्या वर्षांनी आम्ही समोरासमोर आलो. मला पाहून त्याने ओठ हलवले, पण नुसती हवा बाहेर पडली.

दादाने फोनवर माझे सूर शोधून पाहिले. मिळाले नाहीत, आमचे सहा जण कधीच विस्मरणात गेले आहेत. मग तो बाबासमोर उभा राहून टाळ्या वाजवू लागला, "एक, दोन, तीन, चार! उचला बाबा!" बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. तिसऱ्या आठवड्यात दादाने धाकटीला बोलावले.

ती पंधरा दिवसांची रजा काढून आली. केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता. तिने वर माझ्याकडे एकदा पाहिले, फळी पाहिली, आणि तिला सगळे समजले. मग जमिनीवर बसली, बाबाच्या घोट्यापाशी हात ठेवला आणि ती बास गिटार तोंडाने गुणगुणू लागली. तिला ती ओरखड्याच्या 'टक'सकट पाठ होती. सहाव्या दिवशी बाबाचे पाऊल उचलले गेले.

दहाव्या दिवशी दादाच्या कचेरीतली चार माणसे बाबाला भेटायला आली. त्यातल्या एकाने माझ्याकडे पाहून विचारले, "हीच का ती?" आणि दादाने, धाकटी तिथे हातात सुपाची वाटी घेऊन उभी असताना, गोष्ट सुरू केली. सवयीने म्हणा. फरश्यांपर्यंत आला आणि पलंगावरून आवाज झाला. बाबाने डावा हात वर केला होता. थरथरणारे बोट त्याने माझ्याकडे केले. मग धाकटीकडे. पुन्हा माझ्याकडे, पुन्हा तिच्याकडे. तोंडातून "अ... अ..." एवढेच येत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"काय म्हणतायत?" पाहुण्याने विचारले.

दादाने बाबाकडे पाहिले. त्याला समजले होते. त्याचा चेहरा मला पूर्ण दिसत होता. त्याला सगळे समजले होते. चार माणसे थांबली होती. एक वाक्य पुरले असते.

"थकलेत," दादा म्हणाला. "पडू दे त्यांना जरा."

धाकटीने वाटी खाली ठेवली. बाबाचा उचललेला हात तिने दोन्ही हातांत घेतला आणि हळूच पांघरुणावर आणला. "राहू द्या, बाबा," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते.

पंधराव्या दिवशी ती निघाली. व्यायामाचा कागद तिने कपाटाला चिकटवला होता. कोणता पाय, किती वेळा, कधी थांबायचे, सगळे मोठ्या अक्षरांत लिहिलेले. दादा दारापर्यंत गेला.

"आणखी महिनाभर राहिली असतीस तर... मोजायचं कसं, तेच मला नीट जमत नाही गं."

तिने पिशवी खांद्याला लावली. "असं कसं, दादा? तुला तर येतं. सगळ्यांना सांगतोस की."

ती जिना उतरून गेली. दादाने दार लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद वाचून बाबाच्या पायापाशी बसला. पहिल्यांदाच जमिनीवर बसला. "ए...क," म्हणाला. पण त्याचा 'एक' भलत्याच जागी पडत होता. बाबाचा पाय उचलायला जायचा आणि अर्ध्यात थांबायचा. आता तो रोज बसतो. मला त्याची कीव येते. राग मात्र गेलेला नाही.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, एवढे सांगून माझ्यासारख्या जुन्या वस्तू निरोप घेतात. मला तसे सांगता येत नाही, कारण माझी काळजी उत्तम घेतली जाते. काच आठवड्याला पुसतात, माझ्यावर धुळीचा कण नाही. मी माणसांविषयी सांगते. कोणी तुमच्यासाठी महिनोन्महिने जमिनीवर बसले असेल, तर त्याचे नाव चार माणसांत, मोठ्याने घ्या. तो तर आपलाच आहे, त्याला काय सांगायचे, असे म्हणून त्याला तिसऱ्या रांगेत बसवू नका. बाबाला बोलता येत होते तेव्हा एक दिवस असा आला होता, जेव्हा सगळे त्याच्याकडे पाहत होते आणि त्याने एक नाव उच्चारायचे होते. आता तो रोज सकाळी ओठ हलवून पाहतो. मी समोरच असते. मला अजून तरी काही ऐकू आलेले नाही.